तापती वाळू, तापता समुद्र आणि कोकणची कासवे

सागरी कासवाचे सगळे आयुष्य तापमानाच्या हिशोबावर चालते. पक्षी आणि सस्तन प्राणी अन्नाच्या ज्वलनातून मिळणाऱ्या ऊर्जेवर आपल्या शरीराची ऊब जवळपास स्थिर राखू शकतात. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या वर्गात मोडणाऱ्या कासवाला मात्र ही सोय नाही आणि त्याच्या शरीराचे तापमान सामान्यतः भोवतालच्या पाण्यावर अवलंबून असते. लेदरबॅक या अवाढव्य कासवाचा अपवाद वगळला, तर बाकीच्या जातींचे पचन किती वेगाने होईल, ती किती दूर पोहतील, मादीच्या पोटातील अंडी किती दिवसांत तयार होतील आणि ती किनाऱ्याकडे केव्हा वळेल, या सगळ्यांवर समुद्राच्या तापमानाचा ठसा असतो. मादी अंडी वाळूत पुरून समुद्रात परतल्यावर हा हिशोब वाळूच्या हाती जातो, कारण अंड्यातून नर बाहेर येणार की मादी, हे वाळूची ऊब ठरवते.

हरितगृह वायूंमुळे पृथ्वीवर साठणाऱ्या जादा उष्णतेपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक उष्णता महासागरांनी आपल्या पोटात घेतली आहे. त्यामुळे कासवाच्या जगण्यातील प्रत्येक टप्प्यावर, म्हणजे अंडे, पिल्लू, चरण्याची ठिकाणे, स्थलांतराचे मार्ग आणि विणीचा किनारा या सर्व ठिकाणी, एकाच वेळी बदल घडू लागले आहेत. कोकण किनाऱ्यावर गेली दोन दशके ग्रामस्थ, स्वयंसेवी संस्था आणि वनविभाग यांनी मिळून कासवांची अंडी वाचवण्याचे जे काम उभे केले, त्याचे यश आजवर समुद्रात सोडलेल्या पिल्लांच्या संख्येने मोजले गेले. ते मोजमाप आवश्यक होते आणि आजही आहे. पण पिल्ले किती झाली याबरोबरच ती कोणत्या तापमानात वाढली, याची नोंद ठेवल्याशिवाय हा हिशोब यापुढे पुरा होणार नाही, हे या विषयाचा मागोवा घेताना स्पष्ट होत जाते.

कोकणचा किनारा आणि ऑलिव्ह रिडले

जगात सागरी कासवांच्या सात जाती आहेत आणि त्यांपैकी ऑलिव्ह रिडले, हिरवे कासव, हॉक्सबिल, लेदरबॅक आणि लॉगरहेड या पाच जाती भारतीय समुद्रात आढळतात. महाराष्ट्र आणि गोव्याच्या पुळणींवर मुख्यतः ऑलिव्ह रिडलेच अंडी घालते. पूर्ण वाढलेल्या ऑलिव्ह रिडलेची पाठ साधारण साठ ते सत्तर सेंटिमीटर लांब असते आणि वजन चाळीस-पन्नास किलोपर्यंत जाते. ओडिशातील गहिरमाथा आणि ऋषिकुल्या येथे ही कासवे लाखोंच्या संख्येने एकाच वेळी किनाऱ्यावर येतात. या सामूहिक विणीला स्पॅनिश भाषेतील ‘अरिबाडा’ हे नाव जगभर रूढ झाले आहे, आणि २०२५च्या फेब्रुवारीत एकट्या ऋषिकुल्याच्या किनाऱ्यावर सुमारे सात लाख माद्यांची नोंद झाली. कोकणात असे थवे येत नाहीत. येथे मादी एकेकटी येते, कधी रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास, आंजर्ले किंवा गुहागरला, कधी रायगड आणि सिंधुदुर्गातील पुळणींवर, तर कधी गोव्यातील मोरजी, आगोंद किंवा गालजीबाग येथे.

कोकणातील विणीचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च असा असतो. पावसाळ्यात खवळलेल्या समुद्राच्या लाटा पुळण खरवडून नेतात. पाऊस सरल्यावर लाटा मवाळ होतात, वाळू पुन्हा किनाऱ्यावर येऊन बसते आणि हिवाळ्यात ती अंडी उबण्याजोगी, पण फार न तापणारी असते. पुढच्या पावसाळ्यापूर्वी पिल्ले समुद्रात पोहोचलीच पाहिजेत, अशी ही मुदतीची शर्यत आहे आणि कोकणच्या कासवांचे वेळापत्रक या मुदतीशी जुळलेले आहे.

चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने २००२ साली मंडणगड तालुक्यातील वेळास गावात संवर्धनाला सुरुवात केली, तेव्हा किनाऱ्यावर सापडणारी बहुतेक अंडी माणसे, कोल्ही आणि कुत्री यांच्या पोटात जात असत. पुढे गावकऱ्यांनी हे काम आपले मानले, कासव महोत्सवाच्या निमित्ताने घरगुती निवास-न्याहरीतून गावाला उत्पन्न मिळू लागले आणि वनविभाग व कांदळवन प्रतिष्ठानाच्या साहाय्याने ही पद्धत किनाऱ्यावरील अनेक गावांत पोहोचली.

या कामाची रीत समजून घेतली, म्हणजे तापमानाचा प्रश्न नेमका कोठे उभा राहतो ते कळते. कासवमित्र, म्हणजे घरट्यांची राखण करणारे गावकरी, पहाटे पुळणीवरून चालत मादीच्या वल्ह्यांसारख्या पायांनी उमटलेल्या, समुद्रातून वर आलेल्या आणि परत गेलेल्या खुणा शोधतात. खुणा जिथे घोटाळतात तिथली वाळू काठीने हलकेच चाचपली जाते, आणि जिथे काठी सहज आत जाते तिथे घरटे असते. हाताने वाळू उपसल्यावर दीड फुटाच्या आसपास खोल, तोंडाशी अरुंद आणि तळाशी रुंद असा सुरईच्या आकाराचा खड्डा उघडा पडतो आणि त्यात शंभर ते सव्वाशे पांढरी, मऊ कवचाची अंडी एकावर एक बसलेली दिसतात. मादी अंडी घालून गेल्यानंतरच्या पहिल्या काही तासांतच ती हलवावी लागतात, कारण गर्भ एकदा कवचाच्या आतल्या बाजूला चिकटला, की अंडे फिरवल्याने तो दगावतो. हॅचरीत, म्हणजे कुंपण घातलेल्या सुरक्षित वाळूत, त्याच खोलीचा आणि त्याच आकाराचा खड्डा करून अंडी पुरली जातात, पाटीवर तारीख व संख्या लिहिली जाते, आणि पंचेचाळीस दिवस होत आले की घरट्यावर टोपली पालथी घालून सकाळ-संध्याकाळ ती उचलून पाहिली जाते. पाटीवर तारीख असते, संख्या असते. पण आत अंड्यांशेजारी तापमान किती आहे, हे बहुतेक वेळा लिहिलेले नसते.

ऊब ठरवते नर की मादी

माणसात अपत्याचे लिंग गर्भधारणेच्या क्षणी गुणसूत्रांनी ठरते. सागरी कासवांत तसे लिंगनिश्चय करणारे गुणसूत्र नसते. तेथे हा निर्णय अंडी उबण्याच्या मधल्या तृतीयांश काळात, म्हणजे पन्नास-पंचावन्न दिवसांच्या उबवणीत साधारण तिसऱ्या आठवड्यापासून पुढे, भोवतालच्या तापमानावर होतो. मादलेन शार्नियर या फ्रेंच संशोधिकेने १९६६ साली सरड्याच्या एका जातीत हा प्रकार प्रथम नोंदवला, क्लोद पियो यांनी पुढच्या दशकात कासवांवर प्रयोग केले, आणि १९८० साली यंटेमा व म्रोसोव्स्की यांनी लॉगरहेड या सागरी कासवातही हेच घडते हे दाखवून दिले. उबदार घरट्यात गर्भातील पुरुषी संप्रेरकांचे स्त्री-संप्रेरकांत रूपांतर करणारे विकर अधिक कार्यरत होते आणि जननग्रंथी अंडाशयाच्या दिशेने वाढते. थंड घरट्यात ती वृषणाच्या दिशेने वळते.

ज्या तापमानाला साधारण निम्मे नर आणि निम्म्या माद्या जन्मतात, त्याला निर्णायक तापमान असे म्हटले जाते आणि बहुतेक सागरी कासवांत ते २९ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. घरट्याचे तापमान सुमारे २७.७ अंशांच्या खाली राहिले तर बहुतेक पिल्ले नर होतात आणि ३१ अंशांच्या वर गेले तर बहुतेक माद्या. म्हणजे सर्व नर आणि सर्व माद्या यांच्यामधले अंतर अवघ्या तीन-चार अंशांचे आहे. तापमान आणखी वाढून ३४-३५ अंशांच्या पलीकडे बराच काळ राहिले तर लिंगाचा प्रश्नच उरत नाही, कारण गर्भ अंड्यातच मरतात. आणि या मर्यादेच्या जवळपास उबलेली जी पिल्ले बाहेर येतात ती आकाराने लहान आणि रांगण्यात व पोहण्यात दुबळी असतात, त्यामुळे खेकडे, घारी आणि किनाऱ्याजवळचे मासे यांच्या तावडीत सहज सापडतात.

घरट्यातील तापमान केवळ हवेवर अवलंबून नसते. वाळूचा रंग, तिच्यातला ओलावा, घरट्याची खोली, भरतीच्या रेषेपासूनचे अंतर, जवळच्या केवड्याची किंवा सुरूची सावली आणि अवकाळी पाऊस या सर्वांचा त्यात वाटा असतो. त्यातच, शंभर-सव्वाशे गर्भ वाढू लागले की त्यांच्या शरीरात निर्माण होणारी उष्णता उबवणीच्या अखेरच्या टप्प्यात घरट्याला आसपासच्या वाळूपेक्षा एक ते तीन अंशांनी अधिक तापवते. काळसर वाळू फिकट वाळूपेक्षा अधिक ऊन शोषते, हे केप व्हर्डे बेटांवरील अभ्यासांत स्पष्ट दिसले असून तेथे गडद वाळूच्या किनाऱ्यांवर माद्यांचे प्रमाण फिकट वाळूच्या किनाऱ्यांपेक्षा पुष्कळ अधिक असल्याचा अंदाज बांधला गेला आहे. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील वाळूत इल्मेनाइट हे काळे, जड खनिज ठिकठिकाणी सापडते, आणि म्हणूनच कोकणातील एका पुळणीचा निष्कर्ष दुसरीला जसाच्या तसा लावता येत नाही; दोन शेजारी गावांच्या वाळूचे तापमानही वेगळे असू शकते.

रेन बेटाचा इशारा

या जीवशास्त्राचा प्रत्यक्ष परिणाम किती मोठा असू शकतो, हे ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवरील एका अभ्यासाने जगासमोर आणले. रीफच्या उत्तर टोकाला असलेले रेन बेट हे हिरव्या कासवांचे जगातील सर्वांत मोठे विणीचे ठिकाण मानले जाते. पिल्लू नर आहे की मादी हे बाहेरून दिसत नाही, आणि प्रौढ होण्यास दशके लागत असल्याने घरट्यातील बदल किनाऱ्यावर कळायला अनेक वर्षे जातात. म्हणून मायकेल जेन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरट्यांऐवजी कासवांच्या चरण्याच्या ठिकाणी जाऊन वेगवेगळ्या वयाची कासवे पकडली, रक्तातील संप्रेरकांवरून त्यांचे लिंग आणि आनुवंशिक खुणांवरून त्यांचा जन्मकिनारा शोधला आणि २०१८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. दक्षिणेकडील, तुलनेने थंड किनाऱ्यांवर जन्मलेल्या कासवांत माद्यांचे प्रमाण ६५ ते ६९ टक्के होते. उत्तरेकडील उष्ण किनाऱ्यांवर जन्मलेल्यांपैकी प्रौढांत ते ८६.८ टक्के, अर्धवाढ झालेल्यांत ९९.८ टक्के आणि लहान कासवांत ९९.१ टक्के निघाले. वयाच्या या उतरंडीवरून, तेथे दोन दशकांहून अधिक काळ जवळपास केवळ माद्याच जन्मत आल्या आहेत, असा अर्थ लागला.

या आकड्यांवरून उद्याच प्रलय येईल असे म्हणणे शास्त्राला धरून होणार नाही. नर कासवे माद्यांपेक्षा अधिक वेळा प्रजननासाठी येऊ शकतात, एक नर अनेक माद्यांशी जुळू शकतो, आणि मादी वीर्य साठवून ठेवून एकाच हंगामातील अनेक घरट्यांसाठी ते वापरू शकते. त्यामुळे नरांची संख्या काही प्रमाणात घटली तरी अंडी फलित होत राहतात. माद्या वाढल्याने काही वर्षे घरट्यांची संख्या उलट वाढलेलीही दिसू शकते. नेमका येथेच धोका लपलेला आहे, कारण किनाऱ्यावरची मोजणी सुधारणा दाखवत असताना समुद्रात नरांची पिढी आटत जाऊ शकते, आणि ती उणीव लक्षात येईल तेव्हा भरून काढण्यास पुन्हा पंधरा-वीस वर्षे लागतील.

चांगल्या हेतूने केलेल्या कामातही तापमान किती गुपचूप हस्तक्षेप करते, याचे उदाहरण केम्प्स रिडले या अत्यंत दुर्मीळ जातीच्या इतिहासात सापडते. १९७८पासून मेक्सिकोतील अंडी टेक्सासच्या पाद्रे बेटावर आणून फोमच्या पेट्यांत उबवली जात होती. पेट्यांतील तापमान कमी राहिल्याने पहिल्या काही वर्षांत प्रामुख्याने नर जन्मले, आणि हे ध्यानात आल्यावर तापमान वाढवून माद्यांचे प्रमाण वाढवावे लागले. उबवणीचे ठिकाण बदलणारा माणूस, त्याला ठाऊक असो वा नसो, पिल्लांचे लिंगही बदलत असतो, आणि कोकणातील प्रत्येक हॅचरीला हा धडा लागू आहे.

अरबी समुद्राचे बदलते पाणी

पिल्लू एकदा समुद्रात गेले की त्याचे भवितव्य पाण्याच्या हाती जाते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले आहे, की पश्चिम हिंद महासागराच्या पृष्ठभागाचे उन्हाळी तापमान १९०१ ते २०१२ या काळात सुमारे १.२ अंशांनी वाढले. संपूर्ण उष्णकटिबंधीय हिंद महासागराची १९५१ ते २०१५ या काळातील वाढ सरासरी एक अंश आहे आणि ती जागतिक महासागरांच्या सरासरीपेक्षा अधिक आहे. समुद्राचे पाणी एखाद्या भागात नेहमीपेक्षा फार अधिक तापून ते तापणे अनेक दिवस टिकून राहिले, तर त्या घटनेला सागरी उष्णतेची लाट म्हणतात. पश्चिम हिंद महासागरात १९८२ ते २०१८ या काळात अशा ६६ लाटा नोंदल्या गेल्या.

तापलेले पाणी हलके असल्याने वरच राहते आणि खालच्या थंड, पोषक क्षारांनी युक्त पाण्याला वर येऊ देत नाही. समुद्रातील अन्नसाखळीचा पाया असलेल्या सूक्ष्म वनस्पतींना, म्हणजे वनस्पतिप्लवकांना, नेमके तेच क्षार हवे असतात. वरच्या आणि खालच्या थरांची ही देवघेव मंदावल्याने पश्चिम हिंद महासागरात गेल्या सहा दशकांत वनस्पतिप्लवक वीस टक्क्यांपर्यंत घटले असल्याचा निष्कर्ष याच संशोधकांनी २०१६ साली मांडला. ऑलिव्ह रिडले जेलीफिश, खेकडे, कोळंबी, शंख-शिंपले असे नाना प्रकारचे अन्न खाते, त्यामुळे एका भक्ष्याच्या टंचाईने ती लगेच उपाशी मरत नाही. पण मादीला विणीपूर्वी शरीरात चरबी साठवावी लागते आणि अन्न कमी मिळाले तर ती विणीचे वर्ष पुढे ढकलते. ऑस्ट्रेलियात कॉलिन लिंपस आणि नेव्हिल निकोल्स यांनी १९८८ साली दाखवले होते, की हिरव्या कासवांच्या घरट्यांची संख्या दोन वर्षांपूर्वीच्या एल निनोच्या स्थितीशी निगडित असते, म्हणजे दूर समुद्रातील तापमानाची उलथापालथ दोन वर्षांनी पुळणीवर उमटते.

कोकणची कासवे कोठे चरतात, हे समजू लागले ते अलीकडे. वनविभागाचा कांदळवन कक्ष आणि डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था यांनी २०२२च्या सुरुवातीला प्रथमा, सावनी, रेवा, लक्ष्मी आणि वनश्री या पाच माद्यांच्या पाठीवर उपग्रह-ट्रान्समीटर बसवले आणि पुढच्या वर्षी गुहागरच्या किनाऱ्यावरून बागेश्री आणि गुहा या दोघींना सोडले. त्यांच्या प्रवासाने या किनाऱ्याचा संबंध विस्तीर्ण समुद्राशी जोडला. त्याहूनही लक्षणीय नोंद २०२५च्या जानेवारीत झाली, जेव्हा ओडिशात २०२१ साली वल्ह्यावर खूणपट्टी लावलेली एक मादी गुहागरच्या पुळणीवर अंडी घालताना आढळली. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांची कासवे एकमेकांपासून तुटलेली नाहीत, हे त्या एका पट्टीने सिद्ध केले. त्यामुळे बंगालच्या उपसागरातील तापमान हा केवळ ओडिशाचा आणि अरबी समुद्रातील तापमान हा केवळ कोकणचा प्रश्न राहत नाही.

प्रवाळ, समुद्री गवत आणि पुळण

प्रत्येक जातीचे निवासस्थान वेगळे असल्याने तापमानाचा घावही वेगळ्या जागी बसतो. हॉक्सबिल मुख्यतः प्रवाळभित्तींवर वाढणारे स्पंज खाते. प्रवाळ हा सूक्ष्म प्राणी आपल्या शरीरात एकपेशीय शैवाल सांभाळतो आणि त्याच्याकडून अन्न मिळवतो. नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानापेक्षा पाणी एखाद्या अंशाने जरी अधिक तापले आणि काही आठवडे तसेच राहिले, तरी हे शैवाल बाहेर टाकले जाते, प्रवाळ पांढरे पडते आणि उष्णता ओसरली नाही तर मरते. लक्षद्वीपमधील प्रवाळांवर १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ या वर्षांत असे मोठे आघात झाले.

हिरव्या कासवाचे प्रौढपणीचे मुख्य अन्न समुद्री गवत आहे. हे शैवाल नसून मूळ, खोड आणि फूल असलेली खरी वनस्पती आहे आणि उथळ, स्वच्छ पाण्यात तिची कुरणे होतात. पश्चिम ऑस्ट्रेलियातील शार्क बे येथे २०११ सालच्या सागरी उष्णतेच्या लाटेत या गवताचा मोठा भाग नष्ट झाला आणि पुढच्या काळात तेथील हिरव्या कासवांची प्रकृती खालावल्याचे संशोधकांना आढळले. लक्षद्वीपच्या अगत्ती बेटाजवळ वेगळे चित्र दिसले होते. तेथे हिरव्या कासवांची संख्या एवढी वाढली, की त्यांच्या चरण्यानेच कुरणे ओरबाडली गेली आणि मासे घटल्याची तक्रार करणाऱ्या कोळ्यांशी संघर्ष उभा राहिला. कुरणांवर आधीच चराईचा भार असेल आणि त्यात उष्णतेचा ताण पडला, तर ती सावरणे अधिक कठीण होते, आणि म्हणूनच प्रत्येक ऱ्हासाचे खापर तापमानवाढीवर फोडण्याऐवजी कारणांची सांगड तपासून पाहावी लागते.

पुळणीच्या बाबतीत तापमान दोन वाटांनी येते. तापलेले पाणी प्रसरण पावते आणि त्यात हिमनद्यांच्या पाण्याची भर पडून समुद्राची पातळी चढते. उत्तर हिंद महासागरात १९९३ ते २०१७ या काळात ती वर्षाला सुमारे ३.३ मिलिमीटरने वाढली. दुसरी वाट वादळांची आहे. १९८२ ते २००० या काळाच्या तुलनेत २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातील चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढल्याचे पुण्याच्याच संस्थेतील संशोधकांनी दाखवले आहे. ३ जून २०२० रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळाने रायगड आणि रत्नागिरीच्या उत्तर भागातील नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या, आणि पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ याच किनाऱ्याजवळून गुजरातकडे गेले. मेमधील वादळ विणीच्या शेवटच्या टप्प्यातील घरट्यांवर येते.

वाळू वाहून गेल्यावर स्वाभाविक प्रतिक्रिया असते ती धूपप्रतिबंधक बंधाऱ्याची. गावाला, रस्त्याला, घरांना संरक्षण हवे ही मागणी रास्त आहे. परंतु दगडी बंधाऱ्यावर आपटून परतणारी लाट समोरची वाळू खेचून नेते, पुळण अरुंद होते, आणि वर चढून कोरडी वाळू शोधणाऱ्या मादीला भिंत आडवी येते. मग ती भरतीच्या टप्प्यात अंडी घालते आणि ती खाऱ्या पाण्यात गुदमरतात. मर्यादवेलीने धरून ठेवलेल्या वाळूच्या टेकड्या जिथे शाबूत आहेत तिथे उधाणाच्या वेळी पुळण मागे सरकू शकते आणि शांत दिवसांत पुन्हा भरून येते. ही जागा सिमेंट-दगडाने व्यापली, की समुद्राची पातळी आणि भिंत यांच्यामध्ये कासवाला ठाव उरत नाही.

कासवे जुळवून घेतील का

सागरी कासवांचा वंश दहा कोटींहून अधिक वर्षे जुना आहे आणि त्यांनी हिमयुगे तशीच उष्णयुगेही पाहिली आहेत, हा युक्तिवाद अनेकदा केला जातो आणि त्यात तथ्यही आहे. फ्लोरिडातील लॉगरहेड १९८९ ते २००३ या काळात सुमारे दहा दिवस लवकर विणू लागली. भूमध्य समुद्रात याच जातीची घरटी आता पश्चिमेकडे, स्पेन, फ्रान्स आणि पश्चिम इटलीच्या किनाऱ्यांवर सापडू लागली आहेत, जिथे पूर्वी ती क्वचितच दिसत. म्हणजे वेळ बदलणे आणि जागा बदलणे या दोन्ही युक्त्या कासवांपाशी आहेत.

परंतु प्रत्येक युक्तीला मर्यादा आहे. मादी सहसा जन्मलेल्या प्रदेशातच अंडी घालायला परतते, त्यामुळे नवा किनारा वसण्यास पिढ्या जातात. कोकणात वेळ बदलण्यासही फारसा वाव नाही, कारण लवकर यावे तर पाऊस नुकताच सरलेला आणि पुळण अजून भरायची असते, आणि उशीर करावा तर एप्रिल-मेची तापलेली वाळू आणि त्यामागोमाग येणारा पाऊस समोर असतो. मार्चच्या अखेरीस घातलेल्या अंड्यांचा लिंगनिश्चयाचा काळ एप्रिलच्या कडक उन्हात येतो, आणि जानेवारीतल्या घरट्यातून नर जन्मण्याची शक्यता त्याहून अधिक असते. त्यामुळे हंगामाच्या सुरुवातीची, गारठ्यातली घरटी या किनाऱ्याच्या दृष्टीने विशेष मोलाची ठरतात. शिवाय आजचा बदल हजारो वर्षांत घडलेला नसून एका माणसाच्या आयुष्यात मावणारा आहे. ज्या प्राण्याला प्रौढ होण्यासच दहा-पंधरा वर्षे किंवा त्याहून अधिक लागतात, त्याच्या हाती या काळात फारच थोड्या पिढ्या येतात.

पाणी तापले म्हणजे कासवांना थंडीचा धोका उरत नाही, असेही नाही. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यालगतचा समुद्र तापत असल्याने केम्प्स रिडलेची पिल्ले उत्तरेकडे अधिक काळ रेंगाळतात, आणि हिवाळ्यात पाणी १० अंशांच्या आसपास उतरले की केप कॉडच्या उपसागरात ती बधिर होऊन किनाऱ्याला लागतात. बदल केवळ एका दिशेने होत नाही, तर ऋतूंची जुनी सांगड मोडते, आणि कासवाचे शरीर त्याच सांगडीवर भरवसा ठेवून हालचाल करते.

करण्याजोगे काम

या प्रश्नाचे मूळ कोळसा आणि खनिज तेलाच्या जाळण्यात आहे आणि त्यावरचा खरा उपायही तिथेच आहे. पण तोवर किनाऱ्यावर हातावर हात धरून बसण्याचे कारण नाही. प्रत्येक हॅचरीत काही घरट्यांमध्ये अंड्यांच्या मध्यभागी तापमान नोंदवणारे छोटे यंत्र ठेवले, आणि तसेच एक यंत्र जवळच्या मोकळ्या वाळूत पुरले, तर दोन-तीन हंगामांतच त्या पुळणीचा स्वभाव कळू लागेल. मेलेल्या पिल्लांच्या जननग्रंथींची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी आणि रक्ताच्या थेंबावरून लिंग ओळखण्याच्या अलीकडे विकसित झालेल्या पद्धती यांची जोड दिल्यास अंदाजाच्या जागी पुरावा येईल. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, पुण्यातील हवामान संशोधक आणि किनाऱ्यावरची महाविद्यालये यांच्यासाठी हे आवाक्यातले काम आहे.

तापमान धोक्याच्या रेषेजवळ गेल्यावर हॅचरीवर झावळ्यांचा किंवा जाळीचा मांडव घालणे, गरजेनुसार वाळूत पाणी शिंपडणे, घरटी एकमेकांपासून पुरेशा अंतरावर ठेवणे, हे उपाय जगात इतरत्र वापरले गेले आहेत आणि कमी खर्चाचे आहेत. मात्र मोजल्याशिवाय सावली करणे हे पाद्रे बेटावरच्या पेट्यांसारखेच उलटू शकते. गरजेपेक्षा अधिक गारवा दिला तर माद्यांचे प्रमाण घटेल. म्हणून आधी मोजणी आणि मग हस्तक्षेप हाच क्रम असला पाहिजे, आणि जिथे अंडी जागच्या जागी सुरक्षित राहू शकतात तिथे ती हलवूच नयेत, कारण निरनिराळ्या खोलीच्या, निरनिराळ्या उन्हा-सावलीच्या नैसर्गिक घरट्यांतून नर आणि माद्या दोन्ही जन्मण्याची शक्यता टिकते.

किनारी नियमन क्षेत्राच्या २०१९च्या अधिसूचनेत कासवांच्या विणीच्या जागा सर्वाधिक संरक्षणाच्या वर्गात आहेत आणि ऑलिव्ह रिडले वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे. कायदा आहे, गावांचा सहभाग आहे, दोन दशकांचा अनुभव आहे. ज्या जातीला तापमानाचा ताण सोसायचा आहे, तिच्यावरील बाकीचे ताण, म्हणजे ट्रॉलरच्या जाळ्यात गुदमरणे, किनाऱ्यावरचे प्रखर दिवे आणि पुळणीवरची बांधकामे, कमी करणे हीच तिला मिळू शकणारी सर्वांत मोठी सवलत आहे. कोकणच्या गावांनी अंडी खाणारा समाज अंडी राखणारा करून दाखवला, ते काम कायद्यानेही सहज साधले नसते. आता त्याच गावांच्या हाती एक तापमापी देण्याची जबाबदारी शासनाने, संशोधन संस्थांनी आणि कासव महोत्सवाला आवर्जून जाणाऱ्या प्रत्येक शहरी पाहुण्याने उचलली पाहिजे. येत्या नोव्हेंबरमध्ये पहिले घरटे सापडेल, तेव्हा पाटीवर तारीख आणि अंड्यांच्या संख्येशेजारी वाळूचे तापमानही लिहिले जावे.